चेंडूला म्हातारा होऊ द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या क्रीडा पानावर क्रिकेटच्या नियमांतल्या बदलांची चर्चा चालू आहे. कसोटी चार दिवसांची करावी का, जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेऊ द्यावा का, इम्पॅक्ट प्लेअर (सामना चालू असताना एका खेळाडूच्या जागी उतरवता येणारा बदली खेळाडू) ठेवावा की काढावा, एकदिवसीय सामन्यात चेंडू एक असावा की दोन. लेख वाचले, वाचकांची पत्रंही वाचली. बहुतेकांनी हा विषय फलंदाजाच्या नाहीतर प्रेक्षकाच्या जागेवरून मांडला आहे. मी २७ वर्षं पंच म्हणून उभा राहिलो. शालेय सामने, वयोगटाचे सामने, क्लबचे सामने, पुढे दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे सामने. टीव्हीवर दिसलेला पंच मी नव्हे. पण या वर्षांत बॅट माझ्या हातात क्वचितच आली आणि चेंडू रोज आला. म्हणून मला चेंडूच्या बाजूने लिहायचं आहे.

पंचाच्या हातात चेंडू येतो तो गडी बाद झाल्यावर, पाण्यासाठी खेळ थांबल्यावर, जेवणाला आणि चहाला. प्रत्येक वेळी तो वेगळा असतो. पहिल्या पाच-सात षटकांत तो हातातून निसटेल इतका गुळगुळीत असतो, वरची सोनेरी अक्षरं स्वच्छ वाचता येतात. पंधरा-वीस षटकांनी अक्षरं पुसट होतात, शिवण जराशी बसते. तिसाव्या-पस्तिसाव्या षटकाच्या आसपास तो दोन तोंडांचा होतो. एक बाजू क्षेत्ररक्षकांनी घासून घासून जपलेली, दुसरी भेगाळलेल्या टाचेसारखी. साठ षटकांनंतर अंगठ्याने दाबला की किंचित आत जातो. डोळे मिटून हातात दिला तरी किती षटकांचा आहे हे मी चार-पाच षटकांच्या फरकाने सांगू शकायचो. यात माझी हुशारी काही नाही, वर्षानुवर्षं उभा राहिलेला कुठलाही पंच सांगेल.

टेनिसमध्ये पहिल्या सात आणि मग दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. झिजलेला चेंडू तिथे दोष मानला जातो. आपल्याकडे कसोटीत नवा चेंडू ८० षटकांनंतर मिळतो, आणि तोही घेतलाच पाहिजे असं नाही. कर्णधाराला जुनाच बरा वाटला तर तो जुन्यावरच चालू ठेवतो. जे चेंडूचं तेच खेळपट्टीचं. पहिल्या दिवशी तिच्यात ओल असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती फलंदाजाची होते, नंतर तिला भेगा पडतात. गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेल्या जागेत ऑफस्पिनर टप्पा शोधू लागतो. क्रिकेटमध्ये झीज हा खेळाचाच भाग आहे. पहिल्या तासात जो गोलंदाज निरुपयोगी वाटतो तो शेवटच्या तासात सामना फिरवतो, ते या झिजेमुळे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले आणि आता येऊ घातलेले बदल मी याच एका कसोटीवर घासून पाहतो: या बदलाने झीज राहते की जाते?

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते एकदिवसीय क्रिकेटमध्ये. ऑक्टोबर २००७ पासून ३४ षटकं झाली की चेंडू सक्तीने बदलत. बदली म्हणून नवा नव्हे, वापरलेला पण स्वच्छ चेंडू देत. पांढऱ्या चेंडूचं दुखणं खरंच होतं. त्याचा रंग उडतो, गवताचे हिरवे आणि मातीचे तपकिरी डाग पडतात आणि दिव्यांखाली तो राखाडी दिसू लागतो. फलंदाजाला चेंडू दिसलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण ऑक्टोबर २०११ मध्ये त्यावर जो इलाज आला तो रोगापेक्षा भयंकर होता. दोन्ही टोकांकडून एकेक नवा चेंडू. म्हणजे ५० षटकांचा डाव संपतो तेव्हा प्रत्येक चेंडू २५ षटकांचाच. तो दोन तोंडांचा व्हायच्या आतच डाव आटोपतो.

या बदलाच्या जेमतेम आठ महिने आधीचा एक सामना आठवा. २७ फेब्रुवारी २०११, विश्वचषक, बंगळुरू, भारत विरुद्ध इंग्लंड. आपल्या ३३८ धावा. त्यांच्या २८१ झाल्या होत्या आणि दोनच गडी बाद होते. अँड्र्यू स्ट्रॉस १५८ वर खेळत होता. टीव्हीपुढे बसलेल्या आपण सगळ्यांनी सामना सोडून दिला होता. ४३ व्या षटकात जहीर खान आला, त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर आधी इयन बेलला आणि मग स्ट्रॉसला घालवलं. स्ट्रॉसला टाकलेला यॉर्कर आत शिरला आणि तो पायचीत झाला. पुढच्या षटकात कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना बरोबरीत सुटला. जहीरच्या हातातला चेंडू नवा नव्हता, आणि त्याला तो तसाच हवा होता. २०११ च्या ऑक्टोबरनंतर एकदिवसीय सामन्याच्या ४३ व्या षटकात कुठल्याही गोलंदाजाला इतका मुरलेला चेंडू मिळेनासा झाला.

जून २०१८ मध्ये इंग्लंडने ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६ बाद ४८१ केल्या, त्याच आठवड्यात सचिन तेंडुलकरने जाहीरपणे लिहिलं की दोन नवे चेंडू ही अनर्थाची पाककृती आहे, चेंडूला रिव्हर्स होण्याइतकं, म्हणजे हवेत नव्या चेंडूच्या उलट दिशेने वळण्याइतकं, जुनं व्हायला वेळच मिळत नाही. आयुष्यभर बॅट हातात धरलेल्या माणसाने हे लिहिलं, म्हणून मला त्याचं मोल अधिक वाटतं. २०२२ मध्ये त्याच इंग्लंडने नेदरलँड्सविरुद्ध ४९८ केल्या. त्या डावात फलंदाजी अफाट झाली हे मान्यच. पण समोरच्या गोलंदाजाच्या हातातून त्याचं शेवटचं हत्यार आधीच काढून घेतलं होतं.

म्हणून जुलै २०२५ पासूनच्या बदलाचं मी स्वागत करतो. आता पहिली ३४ षटकं दोन चेंडू आणि ३५ व्या षटकापासून त्यांतला क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने निवडलेला एकच. पण हिशेब करून पाहा. ३४ षटकांनंतर प्रत्येक चेंडू १७ षटकांचा असतो. त्यावर आणखी १६ षटकं पडली की डावाच्या शेवटच्या चेंडूला तो ३३ षटकांचा होतो. पूर्वी २५, आता ३३. माझ्या हाताचा अनुभव असा की चेंडू तिशीच्या पुढे खऱ्या अर्थाने बोलायला लागतो. म्हणजे गोलंदाजाला नव्या नियमातून मिळतात ती शेवटची तीन-चार षटकं. माझी सूचना साधी आहे. निवड ३४ ऐवजी २० षटकांनंतर करू द्या. तेव्हा चेंडू १० षटकांचा असेल आणि डाव संपताना ४० चा. पहिली १० षटकं तो एकाच टोकाकडून वापरला गेल्यामुळे एकाच चेंडूवर ५० षटकं काढण्याइतका मळणारही नाही. तरीही दिसेनासा झाला तर पंचांनी तेवढाच झिजलेला, स्वच्छ चेंडू द्यावा. तो अधिकार पंचांकडे आहेच.

'तेवढाच झिजलेला' हे शब्द मी लिहिले खरे, पण माझ्या पंचगिरीतली सगळ्यात मोठी चूक याच शब्दांपाशी झाली. ती इथे सांगतो.

दोन दिवसांचा सामना होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एक डावखुरा मुलगा गोलंदाजी करत होता, वय एकोणीस-वीस. सकाळी त्याला भरपूर मार पडला होता. पस्तिसाव्या षटकानंतर कर्णधाराने त्याला पुन्हा आणलं आणि चेंडू अचानक त्याचं ऐकायला लागला. तीन षटकांत तीन गडी. तिन्ही वेळा चेंडू माझ्या हातात आला होता. एक बाजू आरशासारखी होती. त्या संघातल्या दोन मुलांनी दिवसभर दुसरं काही केलं नव्हतं, फक्त ती बाजू पँटवर घासली होती. एक्केचाळिसाव्या षटकात फलंदाजाने त्याला उचलून मारला आणि चेंडू साइटस्क्रीनच्या मागे झुडपांत गेला. दहा मिनिटं सगळे शोधत होते. सापडला नाही.

आयोजकांनी आम्हाला दिलेल्या खोक्यात चार चेंडू होते. एक जवळजवळ कोरा, एकाची शिवण उसवलेली, एक पाणी पिऊन फुगलेला, आणि एक पंधरा-वीस षटकांचा. माझा सहकारी पंच आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि तो शेवटचा दिला. दुसरा इलाज नव्हता. मुलाने चेंडू हातात घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवला, अंगठा शिवणीवरून नेला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, हा माझा चेंडू नाही."

मी म्हणालो, "नियमानुसार दिलाय. टाक."

नियमात लिहिलं आहे की हरवलेल्या चेंडूच्या जागी साधारण तेवढाच झिजलेला चेंडू द्यावा. मी दिलेला त्याच्या निम्म्या वयाचा होता. म्हणजे नियमानुसार दिलाय हे मी खोटं बोललो होतो, आणि आम्हा दोघांनाही ते कळलं होतं. पुढच्या दोन षटकांत त्याचा चेंडू सरळच जात राहिला, सातव्या जोडीने सत्तर-ऐंशी धावा काढल्या आणि सामना गेला. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला नाही, तक्रारही केली नाही. आला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी स्वतःची पिशवी करायला सुरुवात केली. सामना संपला की दोन्ही संघांना विचारून वापरलेला चेंडू मागून घ्यायचो, किती षटकं टाकली गेली ते शाईने त्यावर लिहायचो. २०, ३०, ४०, ५५, ७०. ओल्या मैदानावरचे वेगळे, कोरड्या मैदानावरचे वेगळे. पुढची सगळी वर्षं ती पिशवी माझ्यासोबत प्रत्येक सामन्याला आली. आयोजकांनी दिलेलं खोकं मी आधी उघडून पाहायचो आणि कमी पडेल तिथे दोन्ही कर्णधारांना दाखवून माझ्याकडचे चेंडू त्यात घालायचो.

कुणी म्हणेल, ही छोट्या मैदानावरची गोष्ट, व्यावसायिक क्रिकेटमध्ये असं कुठे होतं? होतं, आणि जगासमोर होतं. जुलै २०२३ मध्ये ओव्हलवर इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या ॲशेस मालिकेची पाचवी कसोटी. ३८४ चं लक्ष्य, चौथ्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया बिनबाद १३५. त्याच दिवशी ३७ व्या षटकात मार्क वूडचा चेंडू उस्मान ख्वाजाच्या हेल्मेटवर आदळला, आकार बिघडला म्हणून बदलला. बदली चेंडू उघड्या डोळ्यांना नवा दिसत होता. पाचव्या दिवशी सकाळी तो भरपूर हलला, ऑस्ट्रेलिया ३३४ वर बाद, इंग्लंड ४९ धावांनी विजयी. दोन चेंडूंची चित्रं शेजारी शेजारी पाहून ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार रिकी पाँटिंगने संताप व्यक्त केला तो उगाच नव्हता. आणि जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध तर आपल्याच संघाची पाळी आली. दुसरा नवा चेंडू घेऊन जसप्रीत बुमराने सकाळच्या पहिल्याच तासात स्टोक्स, रूट आणि वोक्स यांना घालवलं. चेंडू जेमतेम दहा षटकांचा झाला असेल, पंचांनी तो कड्यातून घालून पाहिला, गेला नाही म्हणून बदलला. हे कडं म्हणजे पंचाजवळचं माप. त्याला दोन वर्तुळं असतात. चेंडू एकातून गेला पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. आलेला चेंडू पाहून शुभमन गिल पंचांशी वाद घालत होता. तो चेंडूही आठ षटकांत बदलावा लागला. ती कसोटी आपण २२ धावांनी हरलो. केवळ चेंडूमुळे हरलो असं मी म्हणणार नाही, तेवढा मी पंच आहे. पण गिलच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

म्हणून माझी दुसरी सूचना, जिच्याबद्दल कुठल्याच लेखात एक ओळ आली नाही. बदली चेंडूंच्या खोक्याचा नियम कडक करा. प्रत्येक कसोटी मैदानावर त्याच कंपनीचे, त्याच मोसमात, त्याच प्रकारच्या मैदानावर खरोखर वापरले गेलेले चेंडू ठेवा. दर दहा षटकांच्या टप्प्याला निदान दोन-दोन. प्रत्येकावर किती षटकं झाली ते लिहिलेलं असावं, आणि बदल करताना जुना चेंडू किती षटकांचा होता व नवा किती षटकांचा आला हे दोन्ही कर्णधारांना आणि प्रेक्षकांना सांगावं. पायचीतचा निर्णय अर्ध्या मिनिटात पडद्यावर तीन रंगांत दाखवता येतो, तर दोन आकडे दाखवायला काय हरकत आहे? याला खर्च नगण्य आहे आणि कुणाचं नुकसान नाही.

थुंकीबद्दलही लिहितो. २०२० मध्ये साथीमुळे चेंडूला थुंकी लावायला बंदी आली, तेव्हा ती योग्यच होती. २०२२ मध्ये ती कायमची झाली. साथ ओसरली, बंदी मात्र राहिली. घाम लावायला परवानगी आहे, पण थंड हवेत आणि ढगाळ दिवशी घाम येतो कुठून? थुंकीमुळे घासून जपलेल्या त्या एका बाजूला वजन आणि चकाकी दोन्ही टिकतात, असं एकूण एक वेगवान गोलंदाज मला सांगत आला. २०२५ मध्ये मोहम्मद शमीने जाहीरपणे ही बंदी उठवायची विनंती केली आणि त्याच वर्षी आयपीएलने ती उठवली. आता आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही उठवावी. आयपीएलने तेव्हाच आणखी एक चांगली गोष्ट केली. रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावात दहा षटकांनंतर, दवाने भिजलेला चेंडू एकदा बदलून कोरडा मागता येतो, आणि मिळतो तोही वापरलेलाच. ओला चेंडू आणि जुना चेंडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्याने नाणेफेक जिंकणाऱ्याला झुकतं माप मिळतं, जुन्याने गोलंदाजीचं कसब दिसतं. हा फरक ओळखून केलेला नियम पाहून मला खरोखर आनंद झाला.

आता चार दिवसांच्या कसोटीकडे. यावर मी जरा जास्त जागा घेतो, कारण हा बदल झाला तर परत फिरवणं अवघड जाईल.

समर्थकांचं म्हणणं, आता सामने तसेही चार दिवसांत संपतात. संपतात तर संपू द्या, पाचवा दिवस ठेवून त्यांचं काय बिघडतं? प्रश्न आहे तो न संपणाऱ्या सामन्यांचा. मार्च २००१, कोलकाता, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. फॉलोऑननंतर, म्हणजे पहिल्या डावात फार मागे पडून लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागल्यावर, चौथ्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले, दिवसभरात एकही गडी पडला नाही. चार दिवसांची कसोटी असती तर तो डाव 'अनिर्णित सामन्यातली सुरेख भागीदारी' म्हणून कुठेतरी नोंदला गेला असता. पाचव्या दिवशी खेळपट्टी झिजली होती, हरभजनने सहा गडी घेतले, आपण १७१ धावांनी जिंकलो. लक्ष्मणच्या २८१ धावांना त्यांची खरी किंमत पाचव्या दिवसाने दिली.

आणि ६ सप्टेंबर २०२१, ओव्हल. इंग्लंडला ३६८ हव्या होत्या, सलामीच्या जोडीने शंभर काढल्या होत्या. पाचवा दिवस, कोरडी खेळपट्टी, जेवणानंतरची वेळ. चेंडू रिव्हर्स व्हायला लागला हे दिसताच बुमराने कोहलीकडे स्वतःहून चेंडू मागितला. कोहलीनेच नंतर हे सांगितलं. सहा षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, दोन बळी. पोपचा त्रिफळा, मग बेअरस्टोचा त्रिफळा यॉर्करवर. पाचवा दिवस आणि जुना चेंडू, मी ज्या दोन गोष्टींसाठी हे पत्र लिहितोय त्या दोन्ही त्या सहा षटकांत एकत्र होत्या. नवोदित पंचांच्या वर्गात मी हा स्पेल कितीतरी वेळा दाखवला आहे, आणि बेअरस्टोच्या चेंडूपाशी दरवेळी थांबवून मुलांना विचारलं आहे की शिवण कुठे आहे आणि चमकणारी बाजू कुठे आहे ते सांगा.

दुसरा युक्तिवाद षटकांचा. चार दिवसांच्या कसोटीत रोज ९८ षटकं टाकायची असतात, म्हणजे एकूण ३९२. पाच दिवसांच्या ४५० असतात. कागदावर फरक ५८ षटकांचाच दिसतो. पण आज दिवसाची ९० षटकंही अर्धा तास वाढवून पुरी होत नाहीत, तिथे ९८ कोण टाकणार? हा वेळ वाचवायचाच असेल तर कसोटीत नुकतंच आणलेलं घड्याळ कडकपणे लावा. दोन षटकांमध्ये ६० सेकंद, दोन ताकिदी, तिसऱ्या वेळी पाच धावांचा दंड. पंचांनी तो दंड न कचरता द्यावा आणि मंडळांनी पंचांच्या पाठीशी उभं राहावं. हातमोजे बदलायला धावत येणारे बारावे-तेरावे खेळाडू थांबले तरी दिवसाला चार-पाच षटकं सहज सुटतील, हे मी मैदानात उभा राहून मोजलेलं आहे.

छोट्या देशांच्या मंडळांना पाचवा दिवस परवडत नाही, हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. मैदान, प्रक्षेपण, हॉटेलं, सगळ्याचा एक दिवसाचा खर्च वाढतो. पण पैशाचा प्रश्न पैशाने सोडवावा. आंतरराष्ट्रीय परिषदेने कसोटीच्या पाचव्या दिवसासाठी वेगळा निधी काढावा, आणि आपल्यासारख्या श्रीमंत मंडळाने त्यात मोठा वाटा उचलावा.

इम्पॅक्ट प्लेअरबद्दल थोडक्यात. २०२३ पासून आयपीएलमध्ये तो आला आणि आठव्या क्रमांकापर्यंत खरा फलंदाज मिळू लागला. २०२४ मध्ये हैदराबादने बंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ केल्या. त्याच वर्षी रोहित शर्माने हा नियम आवडत नसल्याचं आणि त्यामुळे अष्टपैलू खेळाडू मागे पडत असल्याचं सांगितलं. भारतीय मंडळाने २०२४-२५ मध्ये देशांतर्गत टी-ट्वेंटीच्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून तो काढला. २००५ मध्ये एकदिवसीय सामन्यांत असाच बदली खेळाडू, सुपरसब, आणला होता, तो वर्षभरही टिकला नाही. अकरा जणांत कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं, या अडचणीतून कर्णधाराची सुटका करणारा नियम मला पटत नाही. आयपीएलनेही तो सोडावा.

जखमी खेळाडूच्या बदलीला मात्र माझा पाठिंबा आहे. माझे जुने सहकारी यावर माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, तू झिजेचा एवढा पुरस्कार करतोस, मग शरीराची झीज का नको? माझं उत्तर असं की दमणं ही झीज आहे, हाड मोडणं हा अपघात आहे. दमलेल्या गोलंदाजाला शेवटच्या सत्रात पळावंच लागेल आणि कर्णधाराने ते आधी ओळखलं पाहिजे. पण जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला वोक्सचा चेंडू ऋषभ पंतच्या पायावर बसला आणि हाड मोडलं, त्या मोडक्या पायावर तो पुन्हा फलंदाजीला उतरला. लगेच पुढच्या कसोटीत ओव्हलवर खांदा निखळलेला वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून अकराव्या क्रमांकावर आला, त्याला चेंडू खेळावा लागला नाही आणि आपण सहा धावांनी जिंकलो. दोघांच्या जिद्दीला माझा नमस्कार. अँटिग्वाला २००२ मध्ये जबड्याला पट्टी बांधून लाराला बाद करणाऱ्या कुंबळेलाही. तरी कुठल्याही मुलाने त्यांचं अनुकरण करावं असं मला वाटत नाही. डोक्याला मार लागल्यावर बदली खेळाडू २०१९ पासून मिळतोच. उघड दिसणाऱ्या, सामन्यातच झालेल्या गंभीर दुखापतीलाही मिळावा, त्याच जातकुळीचा असावा, आणि निर्णय संघाच्या डॉक्टरचा नसून त्रयस्थ डॉक्टरचा असावा. भारतीय मंडळाने २०२५-२६ च्या मोसमात देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी असा बदली खेळाडू मान्य केला आहे. स्नायू दुखावल्याची तक्रार त्यात बसवू नये. ते बाहेरून दिसत नाही आणि तिथून पळवाट निघते.

टी-ट्वेंटीचं मला वावडं नाही. वीस षटकांत चेंडू म्हातारा होणारच नाही, तिथे वेगळं कसब लागतं आणि ते पाहायला मलाही आवडतं. म्हणूनच ज्या दोन प्रकारांत चेंडू जुना होऊ शकतो तिथे त्याला होऊ द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. नियम ठरवणाऱ्या समित्यांत माजी फलंदाज पुष्कळ असतात. पुढच्या बैठकीत ज्याने आयुष्यभर चाळीस षटकांनंतरचा चेंडू टाकला असा एक गोलंदाज आणि मैदानावरचा एक पंच यांना मुद्दाम बोलवावं आणि टेबलावर पाच-सहा वापरलेले चेंडू ठेवावेत. त्या समितीतल्या प्रत्येकाने ते हातात घेऊन पाहावेत.

माझी चेंडूंची पिशवी मी निवृत्त होताना एका तरुण पंचाला दिली. त्याने ती वाढवली आहे. मागच्या महिन्यात त्याने फोन करून सांगितलं की एका सामन्यात चेंडूची शिवण उसवली, अडतिसावं षटक होतं, आणि पिशवीत ४० लिहिलेला एक चेंडू मिळाला. गोलंदाजाने तो फिरवून पाहिला आणि काही न बोलता रनअपच्या खुणेकडे चालत गेला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पंच